चौथ्या दिवसाचं पाणी

तळेमाळला त्या वर्षी पाणी भरपूर होतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर आमच्याकडची पाण्याची गोष्ट म्हटली की ऐकणारा लगेच भेगाळलेलं रान आणि टँकर डोळ्यांपुढे आणतो. भादव्यात असा पाऊस झाला की तलाव आठ दिवस सांडव्यावरून वाहिला आणि व्यंकटचं ओढ्याकाठचं दोन एकर रान उभ्या सोयाबीनसकट खरडून गेलं. मागे नुसता मुरूम राहिला. दिवाळी उलटली तरी तलाव काठोकाठ होता. नळ मात्र नवव्या दिवशी यायचा, कधी अकराव्या. तोही सकाळी येईल की भर दुपारी, हे देवाला आणि व्यंकटला सोडून कुणाला ठाऊक नसायचं.

व्यंकट नगरपंचायतीचा वालमन. एकोणीस वर्षं तो गावातले वाल उघडत होता आणि बंद करत होता, आणि एकोणीस वर्षं रोजंदारीवरच होता. सायकल, पायात रबरी बूट, खांद्यावर पाच फुटी लोखंडी चावी. गल्लीच्या तोंडाशी चेंबरचं झाकण उचलायचं, चावी आत सोडायची आणि घाण्याच्या बैलासारखं तिच्याभोवती फिरायचं. चावी वाहून वाहून त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली आला होता. माणूस गरीब, कुणाला उलटून न बोलणारा. बायका त्याला आधी चहा विचारायच्या आणि मग शिव्या द्यायच्या. पाणी चुकलेल्या गल्लीत चहा नसायचा.

त्याची बायको सिंधु वेचणीला जायची. स्वतःचं रान गेल्यावर दुसरं काय करणार? सकाळी सातला टेम्पो यायचा आणि पंधरावीस बायका घेऊन पांढऱ्या झालेल्या कापसाच्या रानात सोडायचा. त्या वर्षी सोयाबीन हातचं गेलं, मुळाशी पाणी साचून तुरी उभ्या उभ्या वाळल्या, वेचणी तेवढी उरली होती. पण आज पाणी येणार अशी आवई उठली की घरटी एक बाई मागे राहायची. दिवसभर उंबऱ्यात बसून नळाकडं बघायची आणि पाणी यायचं नाही. दुसऱ्या दिवशी ती वेचणीला गेली की मागे येऊन जायचं.

टेकडीवर तर फारच हाल. वॉर्ड नऊमध्ये दोन वस्त्या होत्या, टेकडी आणि खालची गल्ली. खालच्या गल्लीत पाणी आपोआप उतरायचं, टेकडीवर ते चढवावं लागायचं. टाकी गळ्यापर्यंत भरलेली असली तरच चढायचं. व्यंकटचं घर टेकडीच्या पायथ्याला होतं, तिच्याच पाइपवर.

एके दिवशी वेचता वेचता केवळाबाईनं कंबर सरळ केली. ही टेकडीवरची म्हातारी, साठी उलटलेली, एकटी राहणारी. गुडघे धरले होते, पण बोंडातून कापूस काढायला तिच्यासारखा हात नव्हता आणि बोलायला तिच्यासारखं तोंड नव्हतं.

"सिंधे, तुजा मालक वालमन. तुला समदं ठाव असंल. तो संगमेश्वर म्हणायलाय, निवडून द्या, रोज पाणी देतो. खरं हाय का गं?"

"रोज न्हाई येत, मावशी."

"तळं तर भरून वाह्यलंय की."

"तळं भरलंय, पर टाकी केवढी हाय? दिसातून एकदा भरती, ती बी लाईट टिकली तर. एका टाकीत तीन गल्ल्या निघत्यात. गावात गल्ल्या बारा. किती झालं?"

केवळाबाईनं बोटाच्या पेरांवर मोजलं. "चार दिस."

"चौथ्या दिशी प्रत्येकाला यायला पायजे."

"मंग नऊ दिस कशाला लागत्यात?"

"फोनामुळं. ह्या मेंबरचा फोन, त्या मेंबरचा फोन. कुणाकडं लग्न, कुणाकडं स्लॅब. पाळी मोडती अन् मागचे मागंच ऱ्हात्यात. ज्याचा फोन त्याचं पाणी."

केवळाबाईनं पुढचं झाड धरलं. मग म्हणाली, "वॉर्ड बायकांचा सुटलाय. संगमेश्वर बायकोला हुभी करायलाय. तू बी हुभी ऱ्हा की. हेच सांग लोकायला."

बाकीच्या हसल्या. सिंधुही हसली. पण परतताना टेम्पोत ती बोटाच्या पेरांवर तेच पुन्हा मोजत होती.

घरी तिनं सांगितलं तेव्हा व्यंकटचा घास हातातच राहिला. "मला कामावरनं काढतील."

"एकोणीस वर्सं झाली. कायम केलंय का कुणी?"

"काढलं तर न्हाई ना."

"मी तुमच्याइरुद्ध बोलणार न्हाई. तुमी रोज जेवताना जे सांगताव तेच बोलणार."

हे खरं होतं. एकोणीस वर्षं तो जेवताना वाल, पाळी, टाकीची पातळी हेच बोलायचा, आणि ती ऐकत नाही असं त्याला वाटायचं. व्यंकटला त्या वेळी अभिमान वाटला आणि भीतीही. भीती जरा जास्त. त्यांची शिवांगी मुखेडला बारावीला होती. तिनं आईचा अर्ज भरून दिला. सिंधु अपक्ष उभी राहिली. चिन्ह मिळालं कपबशी.

संगमेश्वरचं मेन रोडला पाइप आणि मोटारींचं दुकान होतं. लोकांच्या नळाला पाणी येत नाही यावरच ते चालायचं, आणि आता तोच पाणी द्यायला निघाला होता. त्याच्या बायकोचा, वर्षाराणीचा, हात जोडलेला फोटो गावभर लागला होता. खाली लिहिलेलं: रोज पाणी, दारात पाणी. प्रचारात बिचारी एक शब्द बोलायची नाही. हळदीकुंकू लावायची आणि पुढे चालायची. बोलायचं काम नवऱ्याकडं होतं.

सिंधुला ना गाडी ना भोंगा. वेचणीहून आल्यावर हातपाय धुऊन ती दारोदार जायची. कापसाच्या बोंडांनी बोटं चिरलेली, त्यांना हळद लावलेली. बोलणं चारच वाक्यांचं. "रोज पाणी मी देणार न्हाई. चौथ्या दिशी देईन, सकाळी सातला, अन् आदल्या दिशी फळ्यावर लिहून लावीन. कुणाच्याच फोनावर पाळी मोडणार न्हाई. माज्या फोनावर बी न्हाई."

खालच्या गल्लीत लोकांनी ऐकून घेतलं आणि ती वळली की हसले. मत मागायला येऊन नाही कशाला म्हणायचं, हेच त्यांना कळेना. टेकडीवर मात्र कुणी हसलं नाही. दिवस ठरला, वेळ ठरली, तर बाकीचे तीन दिवस बिनघोर वेचणीला जाता येतं, हा हिशेब तिथल्या बायकांना समजावून सांगावा लागला नाही.

"पर खरंच येईल का गं सातला?" एकीनं विचारलं.

"ह्याच गुरुवारी पाळीनं टेकडीचा नंबर हाय. सातला बघा. आलं तर मला मत द्या. न्हाई आलं तर देऊ नका."

मतदान पुढच्या मंगळवारी होतं. सिंधुनं आपलं सगळं त्या गुरुवारवर लावलं. त्या रात्री जेवताना तिनं व्यंकटला एवढंच सांगितलं, "गुरुवारपातूर पाळी मोडू नका. कुणाचा बी फोन येऊ द्या. तेवढं करा."

"हाव," व्यंकट म्हणाला. तेव्हा तो मनापासूनच म्हणाला होता.

सोमवारी सकाळी तो खालच्या गल्लीत वाल सोडत होता. पाळी त्यांचीच होती. चेंबरला लागून चहाचं हॉटेल, बाकड्यावर पाचसहा जण. चावीभोवती त्याचे फेरे चालू होते.

"काय व्यंकट, वैनी चौथ्या दिसाला हुभारल्यात म्हणं."

"आरं त्याला कशाला इचारतूस? घरी त्याला बी पाळीच असंल. चौथ्या दिशी भाकर."

बाकडं हललं एवढे हसले. व्यंकटही हसला. एकोणीस वर्षांत असलं बोलणं त्यानं ढिगानं ऐकलं होतं आणि कानाआड टाकलं होतं. पण या वेळी ते सिंधुवर होतं. रात्री चिरलेल्या बोटांना हळद लावून दारोदार फिरणारी त्याची बायको यांच्या चहाबरोबरचं तोंडीलावणं झाली, हे त्याला सोसलं नाही. तिथं उलटून दोन शब्द बोलला असता तर फार बरं झालं असतं. पण बोलणं त्याच्या हाताला नव्हतं. हाताला होती चावी.

तो मनाशी म्हणाला, खालच्या गल्लीत मतं जास्त. टेकडी आपलीच आहे. इथं थोडं थोडं पाणी रोज दिलं तर हीच माणसं म्हणतील, सिंधुवैनी उभ्या राहिल्या आणि गल्लीला पाणी लागलं. पायगुण म्हणतील. चार मतं वाढतील. तिला सांगायची गरजही नाही.

मंगळवारी त्यानं गल्लीला अर्धा तास पाणी सोडलं. बुधवारी अर्धा तास. पाळी नव्हती, कुणाचा फोन नव्हता. पाळी मोडणारा तो स्वतःच होता, आणि ज्या बाईनं पाळी मोडू नका म्हणून सांगितलं तिच्याचसाठी मोडत होता. शहाणा माणूस चुकतो तेव्हा असाच चुकतो.

बुधवारी दुपारी तलावावरची लाईट गेली. पंपावर गुरुपादप्पा असायचा, लिंगायताचा म्हातारा, कपाळावर भस्माची इबत्ती, बोलणं निम्मं मराठी निम्मं कन्नड. त्याचा फोन आला, "व्यंकट, लाईट इल्ला. कवा येईल काय सांगता येईना. टाकी निम्मीच हाय बघ. उद्या कुणाची पाळी?"

"टेकडीची."

"मग चढत न्हाई रे तम्मा. टाकी निम्मी अन् टेकडी? पाणी काय माकड हाय?"

व्यंकटनं मनात मोजलं. दोन अर्धे तास दिले नसते तर लाईट जाऊनही टाकी पाऊण राहिली असती. पाऊण टाकीला पाणी चढतं, थोडं का होईना. निम्म्या टाकीला नाही.

तो घरी आला तेव्हा सिंधु टेकडीवरून उतरत होती. घरोघर सांगून आली होती, उद्या सात वाजता. पाय धुळीनं भरलेले, तोंड मात्र उजळ. कितीतरी महिन्यांनी तो तिचं तोंड असं बघत होता.

"समद्या ऱ्हाणार हायत्या उद्या घरी," ती म्हणाली. "केवळामावशी तर टेम्पोवाल्याला सांगून बसल्या, उद्या टेकडीच्या बाया न्हाई येत म्हणून. ते चिडलं. चिडू द्या."

त्या वेळी सांगितलं असतं तर सगळं निभावलं असतं. एक दिवस पुढे ढकला, लाईट गेलीय, असं ती पुन्हा घरोघर जाऊन बोलली असती. बायका करवादल्या असत्या, पण गेल्या असत्या वेचणीला. व्यंकटनं तोंड उघडलंही. पण मग पुढचं सांगावं लागलं असतं, मंगळवारचं आणि बुधवारचं. त्यानं तोंड मिटलं. लाईट येईल, टाकी भरेल, असं स्वतःला सांगत बाजेवर पडला. लाईट आली ती पहाटे पाचला.

गुरुवारी सातला त्यानं पायथ्याचं चेंबर उघडलं. टेम्पो दुसऱ्या गल्लीतल्या चार बायका घेऊन नुकताच गेला होता. टेकडीवर दाराबाहेर घागरी, कळशा, पिंपं, अगदी पितळी परातसुद्धा. वाल पूर्ण सुटेपर्यंत तो फिरत राहिला. पाइपात आधी हवा खाकरली. सिंधु वर केवळाबाईच्या नळापाशी उभी होती. खालच्या दोन घरांत करंगळीएवढी धार आली आणि बारीक होत गेली. वर नळ नुसता सुस्कारे टाकत राहिला.

साडेसात झाले. आठ झाले. लेकरं शाळेला गेली, काही बिनअंघोळीची. बायका भांडत असत्या तर सिंधुला बरं वाटलं असतं. त्या नुसत्या उंबऱ्यात बसून होत्या, रोजच्यासारख्या, आणि रोजच्यासारखंच नळाकडं बघत होत्या.

व्यंकट चावी खांद्यावर घेऊन वर चढून आला. "लाईट गेल्ती काल," तो म्हणाला.

सिंधुनं तेच सगळ्यांना सांगितलं. "लाईट गेल्ती, मावशी. माणसाच्या हातचं न्हाई ते."

"असू दे," केवळाबाई म्हणाली. "लाईटीला कोण काय करतंय? एक दिस गेला. तू काय मुद्दाम केलीस?"

एवढ्यावर निभावलं असतं. पण खालच्या गल्लीतली एक बाई टेकडीवर बहिणीकडं आली होती. ती सहज बोलून गेली, बिचारीच्या मनात काही नव्हतं. "नवलच की. आमच्याकडं तर सोमवारपासनं रोज यायलंय. काल बी आल्तं."

सिंधुनं तिच्याकडं बघितलं आणि मग व्यंकटकडं. त्याची नजर बुटांवर होती. एकोणीस वर्षं त्याच्याबरोबर संसार केलेल्या बाईला आणखी काही विचारायची गरज नव्हती.

घरात शिरल्यावर तिनं दार लोटलं. "किती दिस?"

"दोन. अर्धा अर्धा तास. पाळीचा सोमवार सोडून."

"कुणाच्या सांगण्यावरनं?"

"कुणाच्याच न्हाई. तुझ्यासाठीच केलो, सिंधु. ते हसायलते तुला. वाटलं, पाणी बघून गप बसतील. मतं देतील."

ती भिंतीला टेकली. चिरलेल्या बोटावरची खपली काढत बसली. मग म्हणाली, "माझ्यासाठी न्हाई. माझ्या बोलण्यानं कुणी मत देईल असं तुमाला वाटलंच न्हाई. म्हणून पाणी दिलाव."

व्यंकटला रडू आलं. कारण ते खरं होतं. तिची चार वाक्यं त्याला पटत होती, अगदी आतून पटत होती, पण लोक त्यांच्यावर मत देतील यावर त्याचा एक दिवसही विश्वास बसला नव्हता.

"चला वर," ती म्हणाली. "दोघं जाऊन खरं सांगू."

"माझं काम जाईल."

तिनं पुन्हा म्हटलं नाही. पदर खोचला आणि एकटीच टेकडी चढली. व्यंकट पायथ्याशी उभा राहिला. वर ती काय बोलली ते त्याला ऐकू आलं नाही, पण गावात गोष्ट राहते कुठं? संध्याकाळपर्यंत शब्द न् शब्द त्याच्या कानावर आला. लाईट गेली हे खरं, पण पाळी माझ्याच घरातून मोडली, असं ती म्हणाली होती. मला ठाऊक नव्हतं, पण माझ्या नावानंच मोडली. गुरुवारी सातला पाणी आलं नाही, तर दिलेल्या शब्दाप्रमाणे मला मत देऊ नका.

केवळाबाईनं ऐकून घेतलं आणि विचारलं होतं, "मंग तुज्यात अन् त्यांच्यात फरक काय गं, सिंधे? त्यायला निदान फोन तर करावा लागतोय. तुला तेवढं बी नको."

सिंधु तशीच वळली होती. खाली आली, भाकरी थापल्या, शिवांगीचा फोन आला तेव्हा सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं.

शुक्रवारी संगमेश्वरची सभा खालच्या गल्लीत झाली, त्या हॉटेलासमोरच. हुशार माणूस. त्यानं व्यंकटचं नावही घेतलं नाही. "काय हो, लागोपाठ तीन दिस नळाला पाणी आलं का न्हाई?" त्यानं विचारलं. लोक ओरडले, आलं. "मंग रोज येतंय का न्हाई? आमी हेच तर म्हणालतो! तळं भरलंय, टाकी भरलीय, मंग इतके दिस कुणी अडवलं व्हतं? आता तेच लोक म्हणायलेत, चौथ्या दिशी घ्या!" टाळ्या पडल्या. गल्लीच्या तोंडाशी सायकल धरून व्यंकट उभा होता. दोन अर्धे तास त्यानं बायकोसाठी दिले होते आणि ते असे दुसऱ्याच्या पदरात पडले. पाण्याच्या प्रत्येक थेंबावर आता वर्षाराणीचं नाव होतं, आणि त्याची बायको खोटी ठरली होती. बारा गल्ल्यांचा हिशेब एवढा सरळ असून खोटी.

मंगळवारी मतदान झालं. निकाल लागला तेव्हा वर्षाराणीला चारशेच्या वर मतं होती. सिंधुला एकाहत्तर. त्यातली टेकडीची किती, हे यंत्र सांगत नाही, आणि सिंधुनंही कुणाला विचारलं नाही.

मिरवणूक तिच्या दारावरून गेली. गुलालानं रस्ता लाल. गाणं जरा कमी करायला सांगून वर्षाराणी ट्रॉलीवरून उतरली आणि सिंधुच्या दारात आली. सगळ्यांना वाटलं खिजवायला आली. तिनं वाकून नमस्कार केला, कुंकू लावलं आणि आजूबाजूला बघून हळूच विचारलं, "ताई, रोज पाणी कसं द्यायचं असतंय ओ? घरात इचारलं तर म्हणत्यात, तू गप बस."

सिंधुनं तिच्याकडं बघितलं. पोरगीच होती, तिशीतली, डोळ्यांत गुलाल गेलेला. "टाकी दिसातून एकदा भरती. तीन गल्ल्या निघत्यात. गल्ल्या बारा."

वर्षाराणीचे ओठ हलले. "म्हंजी चौथ्या दिशी."

"हाव."

"मंग तुमी तेच तर म्हणालत्या."

मागून संगमेश्वरनं हाक मारली आणि ती पळत जाऊन ट्रॉलीवर चढली.

पुढे सगळं होतं तसंच झालं, फक्त एक फोन वाढला. खालच्या गल्लीला पंधरा दिवस रोज पाणी गेलं, सत्काराचे फोटो निघाले, मग तेही सहाव्यासातव्या दिवसावर आलं. टेकडीचा नंबर बाराव्या दिवसावर गेला. व्यंकटचं काम गेलं नाही. कुणी काढायचा विचारही केला नाही. उलट संगमेश्वर त्याला आता मामा म्हणायला लागला.

घरात सिंधु बोलायची, हवं नको विचारायची. भांडण नव्हतं. पण जेवताना तो वालाचं, टाकीचं सांगायला लागला की ती उठून चुलीपाशी जायची. हळूहळू त्यानं सांगणं सोडलं. मग जेवताना बोलायला त्याच्यापाशी दुसरं काहीच नाही, हे त्याच्या ध्यानात आलं.

पौषात एका सकाळी त्यानं टाकी भरलेली बघितली. गळ्यापर्यंत. रात्रभर लाईट टिकली होती. टेकडीला तेरा दिवस झाले होते. आज कुणाचा का फोन येईना, टेकडीला सोडायचं, असं त्यानं ठरवलं आणि त्याला बरं वाटलं. सिंधु डोक्याला फडकं बांधून निघायच्या तयारीत होती. शेवटची वेचणी चालू होती, फरदडीची.

"आज अकराला सोडायलोय," तो म्हणाला. "फुल्ल प्रेशरनं. आज घरी ऱ्हा, समदं भरून घे."

ती फडक्याची गाठ मारता मारता थांबली. "वर सांगितलाव का?"

"न्हाई अजून."

"मंग मला बी सांगू नका."

ती भाकरीचं गाठोडं उचलून निघाली. व्यंकटला वाटलं, आत्ताच वर जावं. सात वाजायला वीस मिनिटं होती, टेम्पो अजून आला नव्हता. पाच मिनिटांची चढण. पण त्या गुरुवारनंतर तो टेकडी चढला नव्हता. वालाचं काम पायथ्यालाच असायचं, आणि वरच्या दारांसमोर जाऊन उभं राहायची त्याची छाती नव्हती. आधी चहा घेऊ म्हणाला. चहात टेम्पोचा हॉर्न ऐकला. मग मेन रोडचा वाल होता, बाजारपेठेचा होता. दहा वाजता त्यानं सायकल पायथ्याला टेकवली आणि चढायला लागला.

पहिल्या दाराला कुलूप. दुसऱ्याला कुलूप. तिसऱ्या घरी आवाज दिला, शेळी तेवढी ओरडली. सगळी टेकडी रिकामी होती. आता कुणी पाण्यासाठी मागे राहतच नव्हतं. वाट बघायची सवयच त्यांनी सोडून दिली होती.

केवळाबाई तेवढी दारात बसली होती, गुडघ्याला एरंडाचं पान बांधून.

"मावशी, अकराला पाणी सोडायलोय. आज वरपातूर येईल. समद्यांना सांगायला आलो."

"कुणाला सांगायलास रे? कोण हाय हितं?"

त्यानं मागच्या कुलपांकडं बघितलं.

"आता सांगायला आलास," म्हातारी म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच त्याला जास्त लागलं. "तवा सांगायचं व्हतं. एक दिस आधी येऊन म्हणाला असतास, मावशी, चुकलं, उद्या पाणी न्हाई, तर आमी काय तुला खाल्लं असतं? वेचणीला गेलो असतो. अन् मंगळवारी सिंधीला मत दिलं असतं. समद्यांनी दिलं असतं. एवढंच सांगायचं व्हतं बघ तुला."

अकराला त्यानं वाल सोडला. पाणी चढलं. इतक्या जोरानं गेल्या कित्येक महिन्यांत चढलं नव्हतं. अनेक नळांना तोट्या नव्हत्या, होत्या त्याही उघड्याच. कुलूपबंद दारांसमोर नळ भडाभडा वाहायला लागले, रांजण नाही, घागर नाही, धार सरळ फरशीवर आणि फरशीवरून नालीत. केवळाबाई भिंत धरून उठली. स्वतःचं भरून झाल्यावर तिनं शेजारच्या ओसरीतली बादली ओढून नळाखाली लावली, मग त्याच्या पलीकडची घागर. व्यंकट वर येऊन दुसऱ्या बाजूनं भांडी लावायला लागला. ज्यांच्या ओसरीत भांडी होती त्यांची भरली. बाकीच्यांची भांडी आत होती आणि दारांना कुलुपं होती.

साडेअकराला खालच्या गल्लीतून फोन आला. त्यानं उचलला नाही. वाकून तो भांडी सरकवत राहिला, आणि टेकडीचं पाणी त्याच्या बुटांवरून वाहत खाली त्याच्याच दाराकडं जात राहिलं. तिथंही घरी कुणी नव्हतं.